अडकित्त्याले ३४ वॉचर अन् बोली एक बी नाई. याचा अर्थ काय समजावा?

अडकित्ता_दारव्हा · मंगळवार, सकाळी ९:१०

नमस्कार मंडळी. मी दारव्हा तालुक्यातला. चार एकर कोरडवाहू आहे, अन् त्याच्यासंग दोन वर्षांपासून जुनं-पानं ऑनलाइन विकतो. आतापर्यंत सगळं फिक्स किमतीत विकलं: काडीपेटीची लेबलं, पितळी कुलपं, एक घुंगरमाळ.

या वेळी पहिल्यांदा ईबेच्या अमेरिकन साइटवर लिलाव लावला. आजीचा पितळी अडकित्ता आहे. मोराचा आकार, दांड्यावर बारीक नक्षी, पातं लोखंडाचं. सात दिवसांचा लिलाव, सुरुवात ४९.९९ डॉलर, शिपिंग १८ डॉलर वेगळं. गेल्या गुरुवारी सकाळी ११ ले लावला, म्हणजे परवा ११ ले संपते.

आता हालत अशी की व्ह्यू २१२, वॉचर ३४ (म्हणजे ज्याईनं वस्तू नुसती आपल्या पाहाच्या यादीत टाकून ठेवली ते), बोली शून्य. एकानं वजन विचारलं, तेवढंच.

बायको म्हणते चौतीस जण पाहून रायले तर किंमत वाढवा. मोठा भाऊ म्हणते कोणालेच नको आहे, काढून टाक. मले दोघांचंही पटत नाई. ज्याईनं लिलाव लावले त्याईनं सांगा, हे चौतीस लोक आहेत कोण?

---

पऱ्हाटी · मंगळवार, सकाळी ९:४२

भाऊ, तू कधी बाजार समितीत तूर नेली का? नेलीच असशील.

हर्रासाच्या वेळी ढिगाभोवती पंधरा माणसं उभी असतात. पाहणाऱ्याले वाटते, बापा, काय गर्दी आहे माह्या मालाले! मोज आता. घेणारे व्यापारी चार. एक मापारी, दोन हमाल. एक अडत्याचा मुनीम. अन् बाकीचे सात? ज्यांचे ढीग पुढं लागले आहेत ते शेतकरी. त्याईले तुही तूर घ्यायची नाई, तुही तूर कितीत गेली ते ऐकायचं आहे.

तुह्या चौतीसात असे सात काढून टाक पहिले.

---

नाणेवाला_अकोला · मंगळवार, सकाळी १०:२०

पऱ्हाटी भाऊंनी नेमकं सांगितलं. मी २०११ पासून तिकिटं आणि नाणी विकतो. आधी ईबेच्या भारतीय साइटवर होतो. ती १४ ऑगस्ट २०१८ ला बंद पडली, तेव्हापासून बाहेरच्या साइटवर. माझ्या अनुभवातून सांगतो.

वॉच करायला काही लागत नाही. पैसे नाहीत, शब्द नाही, काही नाही. एक बोट टेकवलं की झालं. बाजारात दुकानदाराला "येतो परत" म्हणून पुढे जाणारा माणूस असतो ना, तो वॉचर. त्यातले काही खरंच परत येतात.

कोण असतात म्हणाल तर पहिले तुमच्यासारखेच विकणारे. त्यांच्याकडेही अडकित्ता आहे आणि तुमचा कितीला जातो त्यावरून ते आपला भाव ठरवणार. मी स्वतः आत्ता साठेक नाण्यांवर वॉच लावून बसलो आहे आणि त्यातलं एकही घेणार नाही. दुसरे, नुसते शौकीन, ज्यांना मोर आवडला. तिसरे, ज्यांना घ्यायचा आहे पण ४९.९९ ला नाही, आणि जे पुढच्या वेळी किंमत उतरण्याची वाट पाहत आहेत. आणि चौथे, जे शेवटच्या मिनिटाला येणार. तुम्हाला कामाचे फक्त हे चौथे. गंमत अशी की विकणाऱ्याला वॉचरची संख्या दिसते, नावं दिसत नाहीत. चौथे किती ते तुम्हाला आधी कळायचा मार्गच नाही.

व्ह्यूचं तर सोडाच. एकच माणूस पाच वेळा उघडून पाहू शकतो. तुम्ही फेसबुकवर लिंक टाकली असेल तर गावातल्या पोरांचेही व्ह्यू त्यात.

वजन विचारलं, ही मात्र चांगली खूण आहे. ज्याला घ्यायचं नाही तो वजन कशाला विचारेल?

---

संत्राबाग · मंगळवार, सकाळी १०:५५

वजनाच्या गोष्टीले माहा दुजोरा. आमच्या वरूडकडं बागेचा सौदा होते तवा तेच. आंबिया बहाराच्या टायमाले गाड्या येतेत, चार जण उतरतेत, बांधावर उभं राहून "वा, काय माल आहे" म्हणतेत, चहा पेतेत, निघून जातेत. एखादा येते तो तारीफच करत नाई. सरळ आत शिरते, झाडं मोजते, एक फळ तोडून कापून पायते, विचारते बोअरले पाणी किती, मागच्या साली कोणाले देली होती. अन् नाक मुरडते. तोच इसार देते.

तारीफ करणाऱ्यापेक्षा खोट काढणारा गिऱ्हाईक पक्का.

---

टिंब_टिंब · मंगळवार, सकाळी ११:०५

एका ग्रुपवर मी कमेंटमधला लिलाव लावला होता, जुन्या रेडिओचा. लोक खाली नुसतं टिंब टाकून जातात, म्हणजे पुढं कोणी बोललं की त्यांना नोटिफिकेशन येते. मी टिंबं मोजली, चौदा. आईला सांगितलं चौदा गिऱ्हाइकं आहेत. रेडिओ अजून घरीच आहे. तेव्हापासून हे नाव घेतलं.

---

मास्तर_भंडारा · मंगळवार, दुपारी १२:३०

दारव्हेकर, अडकित्ता पाहिला. सुबक आहे. आमचं भंडारा पितळेच्या भांड्यांसाठी ओळखलं जातं, त्यामुळे या धातूकडे नजर जातेच. दोन गोष्टी सांगतो, दुसरी जास्त महत्त्वाची आहे.

पहिली, बोली का आली नाही ते. ईबेवर बोली लावणारा आपली कमाल रक्कम आत टाकतो आणि यंत्रणा त्याच्या वतीने गरजेपुरतीच वाढवते. समजा एकाने ४० डॉलर टाकले आणि दुसऱ्याने ५५. तर दिसणारी किंमत ४१ होते, कारण २५ ते १०० डॉलरच्या पट्ट्यात बोली वाढण्याची पायरी १ डॉलरची आहे. ५५ वाल्याच्या मनातले उरलेले १४ कोणालाच दिसत नाहीत. आपल्याकडे गुरांच्या बाजारात रुमालाखाली बोटं दाबून सौदा करतात, तसंच काहीसं समजा. विल्यम विकरी या अर्थशास्त्रज्ञाने १९६१ मध्ये दुसऱ्या क्रमांकाच्या बोलीवर किंमत ठरवणाऱ्या लिलावाचं गणित मांडलं होतं आणि १९९६ मध्ये त्यांना अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. ईबेची रीत त्याच्या जवळची आहे.

यातून निघणारी गोष्ट अशी की तुमची किंमत सगळ्यात हौशी माणूस ठरवत नाही, त्याच्या मागचा दुसरा ठरवतो. एक गिऱ्हाईक असेल तर वस्तू विकली जाते, दोन असतील तर भाव येतो. चौतीस बघणारे हा आकडा या हिशोबात कुठेच बसत नाही.

आता शेवटपर्यंत थांबण्याबद्दल. अल्विन रॉथ आणि अ‍ॅक्सेल ओकेनफेल्स या दोन अर्थशास्त्रज्ञांचा २००२ चा अभ्यास आहे. त्यांनी ईबे आणि तेव्हा चालू असलेले अ‍ॅमेझॉनचे लिलाव ताडून पाहिले. ईबेचा लिलाव ठरल्या क्षणाला संपतो, तर अ‍ॅमेझॉनवर शेवटी बोली आली की वेळ दहा मिनिटांनी पुढे सरकायची. ईबेवर शेवटच्या क्षणीच्या बोल्या कितीतरी जास्त निघाल्या. त्यातही संगणकापेक्षा जुन्या वस्तूंमध्ये जास्त. कारण सोपं आहे. जुन्या वस्तूतला जाणकार लवकर बोलला की बाकीच्यांना कळतं, यात काहीतरी आहे. म्हणून तो गप्प बसतो. अडकित्ता त्याच वर्गातला. तेव्हा शून्य बोली पाहून घाबरू नका.

दुसरी गोष्ट. तुम्ही शीर्षकात "शंभर वर्षं जुना, अँटिक" असं इंग्रजीत लिहिलं आहे. हे खरं आहे का?

---

अडकित्ता_दारव्हा · मंगळवार, दुपारी १:१५

सर, खरं सांगू? आजीचं लग्न १९५८ चं. तिच्या रुखवतात आलेला आहे. शंभर वर्षं मी असंच लिहिलं, सगळे लिहितेत म्हणून. भाव येते थोडा.

---

मास्तर_भंडारा · मंगळवार, दुपारी १:४०

मग आजच बदला. १९७२ च्या पुरावशेष कायद्यानुसार शंभर वर्षांहून जुनी कलावस्तू पुरावशेष ठरू शकते आणि ती खासगी माणसाला देशाबाहेर पाठवता येत नाही. हस्तलिखितांना तर ७५ वर्षांची मर्यादा आहे. म्हणजे जे खरं नाही ते लिहून तुम्ही स्वतःच कागदावर कबुली देत आहात की मी निर्यातीला बंदी असलेली वस्तू पाठवतो आहे. कस्टम्सवाल्याने पार्सल अडवलं तर त्याला दोष देता येणार नाही. जुनाटपणाबद्दल शंका निघण्यासारखी वस्तू असेल तर भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडून ती पुरावशेष नसल्याचं प्रमाणपत्र घेण्याची सोय आहे.

आणि बाजाराच्या बाजूनेही बघा. भारतीय विक्रेता शंभर वर्षं लिहितो हे जाणकार रोज बघतो. तो ते वाचून हसतो आणि पुढे जातो. "आजीच्या १९५८ च्या लग्नातला" असं लिहिलंत तर तो थांबेल. वॉचर पुष्कळ आणि बोली नाही, त्याचं एक कारण हेही असू शकतं. मोर बघून आले, शीर्षक वाचून बिचकले.

---

नाणेवाला_अकोला · मंगळवार, दुपारी १:५२

गुरुजींचं सोळा आणे खरं. नाण्यांत तर हे पाळावंच लागतं. नागपूरकर भोसल्यांचं एखादं नाणं हाती लागलं तर मी ते बाहेर लावतच नाही, इथल्या इथे संग्राहकालाच देतो.

दारव्हेकर, एकही बोली नाही आणि बारा तासांहून जास्त वेळ बाकी आहे, म्हणून तुम्हाला अजून शीर्षक, वर्णन, किंमत सगळं बदलता येईल. बोली पडली किंवा शेवटचे बारा तास लागले की हात बांधले जातात.

---

करवतकाठी · मंगळवार, दुपारी ३:०५

मी मोहाडी तालुक्यातली. सासरचे लोक विणकाम करतात, मी कोशाच्या, म्हणजे टसर रेशमाच्या, करवतकाठी साड्या ऑनलाइन विकते. लिलाव कधीच नाही, फिक्स किंमत. त्यामुळे माझ्याकडे वॉचरचा उपयोग वेगळा होतो.

फिक्स किमतीच्या लिस्टिंगवर वॉच करणाऱ्यांना विक्रेत्याला ऑफर पाठवता येते. नाव दिसत नाही, पण "या भावात देते" असा निरोप जातो. वॉचर खरा की खोटा, हे मला तिथे कळतं. ऑफर घेतली तर खरा.

पण एक चूक केली ती सांगते, तुम्ही करू नका. सुरुवातीला वॉचर आला की लगेच दुसऱ्या दिवशी पंधरा टक्के कमी करून पाठवायचे. साड्या जायच्या, मी खूश. मग एक बाई मेसेजमध्ये सहज बोलून गेली, "मी पूर्ण किमतीतच घेणार होते, पगार व्हायची वाट बघत होते, तेवढ्यात तुमचीच ऑफर आली." हसावं की रडावं! आता पंधरा दिवस थांबते. ज्याला खरंच घ्यायचं असतं तो तेवढ्यात घेतो. जो उरतो त्याच्याशी घासाघीस.

दारव्ह्याच्या दादांनी अडकित्ता फिक्समध्ये लावला असता तर चौतीस वॉचर म्हणजे चौतीस जणांना निरोप धाडता आला असता. लिलावात नुसतं बघत बसायचं.

---

पऱ्हाटी · मंगळवार, दुपारी ३:२०

ताई, पगाराची वाट पाहणारी वॉचर! हे तर आमच्या ध्यानातच नव्हतं. म्हणजे वॉचरच्या घरची तारीख बी पाहा लागते.

---

अडकित्ता_दारव्हा · मंगळवार, सायंकाळी ६:३५

शीर्षक बदललं. "आजीच्या १९५८ च्या रुखवतातला पितळी अडकित्ता, मोर" असं केलं. शंभर वर्षं काढली. वजनाचा फोटो टाकला, घरच्या काट्यावर ठेवून.

आता किंमतीचं सांगा. ४९.९९ राहू देऊ का उतरवू? अजून वेळ आहे.

अन् एक गंमत. सकाळी ३४ वॉचर होते, आता ३९ आहेत! एका दिवसात पाच वाढले.

---

नाणेवाला_अकोला · मंगळवार, सायंकाळी ६:५०

दारव्हेकर, त्या पाचातला एक मी आहे. सकाळी उत्तर लिहिताना बघायला उघडलं आणि कसा संपतो ते कळावं म्हणून वॉच लावला.

---

पऱ्हाटी · मंगळवार, सायंकाळी ६:५२

एक मी 🙏

---

करवतकाठी · मंगळवार, सायंकाळी ७:१०

माझाही आहे. मोर फार छान आहे हो.

---

मास्तर_भंडारा · मंगळवार, सायंकाळी ७:३०

मी वॉच न लावताच बघत होतो, पण व्ह्यूमध्ये माझे चार तरी असतील. दारव्हेकर, तुमच्या प्रश्नाचं उत्तर तुमच्या डोळ्यांसमोरच तयार झालं की. चौतीस जण कोण हे विचारायला तुम्ही इथे आलात आणि विचारल्यामुळेच आकडा फुगला.

---

अडकित्ता_दारव्हा · मंगळवार, सायंकाळी ७:४१

😂 बायकोले सांगतलं तर म्हणे, "म्हणजे अकोला, भंडारा अन् पऱ्हाटीवाला घेणार का अडकित्ता?"

---

नाणेवाला_अकोला · मंगळवार, रात्री ८:१५

आता किमतीचं. मी उतरवण्याच्या बाजूचा आहे. ४९.९९ ही सुरुवात म्हणजे अर्धी फिक्स किंमतच झाली. लिलावाची मजा कमी सुरुवातीत आहे. कमी पाहून एक जण बोलतो, त्याच्या बोलण्याने दुसऱ्याला जोर येतो. २४.९९ करा.

पण त्याआधी एक काम करा. वॉचर मोजण्यापेक्षा विकले गेलेले मोजा. सर्चमध्ये "सोल्ड आयटम" हा फिल्टर लावला की मागच्या ९० दिवसांत असे पितळी अडकित्ते खरंच कितीला गेले ते दिसतं. त्याहून मागचं हवं असेल तर सेलर हबमध्ये, म्हणजे विक्रेत्याच्या पानावर, टेरापीक नावाची सोय आहे, त्यात तीन वर्षांपर्यंतचं सापडतं. मागणारे पन्नास मागतात, देणाऱ्याने काय दिलं ते बघायचं.

---

संत्राबाग · मंगळवार, रात्री ८:३३

माहं मत उलटं आहे. २४.९९ केलं अन् एकच गिऱ्हाईक आलं, तर २४.९९ लेच जाईन. आजीची वस्तू आहे. दोन गिऱ्हाईक येतीन याची गॅरंटी कोण घेते? मास्तरांनीच सांगतलं, भाव दुसरा माणूस ठरवते. दुसरा आलाच नाई तर?

ज्याच्याखाली द्यायचंच नाई तो आकडा ठेवावा सुरुवातीले. मंग रडावं नाई लागत.

---

मास्तर_भंडारा · मंगळवार, रात्री ९:००

दोघेही बरोबर आहेत आणि याला एकच उत्तर नाही. दारव्हेकरांनी एवढंच ठरवावं की २४.९९ ला गेला तर झोप लागेल का. लागत असेल तर उतरवा. राखीव किंमत, म्हणजे जिच्याखाली वस्तू विकली जात नाही ती, ठेवायची सोय आहे, पण तिला वेगळं शुल्क पडतं आणि "राखीव किंमत गाठली नाही" अशी पाटी दिसली की पुष्कळ लोक पाठ फिरवतात.

एक विसरलोच. तुम्ही सकाळी ११ ला लावला म्हणून संपणारही सकाळी ११ ला. आत्ता हिवाळ्यात त्या वेळी न्यूयॉर्कला रात्रीचे साडेबारा वाजलेले असतील. कॅलिफोर्नियात साडेनऊ, ते ठीक. जर्मनीत पहाटेचे साडेसहा. आता हे बदलता येणार नाही, पण पुढच्या वेळी सोमवारी सकाळी साडेसातला लावा. म्हणजे सात दिवसांनी संपेल तेव्हा न्यूयॉर्कला रविवारची रात्र नऊची असेल आणि माणसं घरी असतील. तुमचा निम्मा वॉचर गुरुवारी झोपलेला असेल, त्याचा दोष अडकित्त्याला देऊ नका.

---

टिंब_टिंब · मंगळवार, रात्री ९:२०

जो झोपणार आहे तो आधी कमाल रक्कम टाकून झोपेल ना सर?

---

मास्तर_भंडारा · मंगळवार, रात्री ९:२६

शहाणा असेल तर टाकेल. सगळेच शहाणे नसतात. काही जण शेवटच्या सेकंदाला आपोआप बोली लावणारी सेवाही वापरतात.

---

अडकित्ता_दारव्हा · बुधवार, सकाळी ८:०५

रात्री २४.९९ केलं. सोल्डमध्ये पाह्यलं, साधे अडकित्ते १५ ते ३० मध्ये गेलेले दिसले, मोराचा एकच सापडला. झोप लागली.

सकाळी उठून पायतो तर एक बोली! २४.९९. अन् त्याच्यासंग एक मेसेज, दुसऱ्याच कोणाचा. तो म्हणते, लिलाव बंद कर, मी तुले ६० डॉलर सरळ पाठवतो, साइटच्या बाहेरून, ईमेल दे. ६० डॉलर मंडळी! काय करू?

---

नाणेवाला_अकोला · बुधवार, सकाळी ८:१२

काहीही करू नका. ईमेल देऊ नका. साइटच्या बाहेर सौदा करणं नियमात बसत नाही, खातं बंद होऊ शकतं. आणि पैसे आल्यासारखे दाखवून वस्तू गेल्यावर परत घेणारे पुष्कळ आहेत. माझ्या ओळखीच्या एकाचा पूर्ण तिकीट अल्बम असा गेला. मेसेज रिपोर्ट करा.

शिवाय आता बोली पडली आहे. लिलाव मध्येच बंद केलात तर बोली लावणाऱ्यावर अन्याय, आणि शुल्कही लागू शकतं.

---

पऱ्हाटी · बुधवार, सकाळी ८:४०

बाजार समितीच्या गेटवर उभा राहून "आत कायले नेता काका, इथंच देऊन टाका, रोख देतो" म्हणणारा असते, तोच हा. कधी खरंच रोख देते. पण वजन त्याच्याच काट्यावर असते.

---

करवतकाठी · बुधवार, सकाळी ९:१५

उत्तर देऊच नका दादा. फार तर एक ओळ: "लिलावात बोली लावा, स्वागत आहे." खरा असेल तर लावेल.

---

संत्राबाग · बुधवार, सकाळी ९:३०

पण पाहा, ६० म्हणणारा बी एक खूणच देऊन गेला. कोणाच्या तरी मनात साठाच्या वर आहे.

---

मास्तर_भंडारा · बुधवार, सकाळी १०:०२

किंवा कोणाच्याच नाही. फसवणाऱ्याला आकडा मोठाच सांगावा लागतो, द्यायचा तर नसतोच.

---

टपाल_पेटी · बुधवार, दुपारी १२:१०

मी उशिरा वाचलं. एक मुद्दा कोणीच काढला नाही. वॉचर अमेरिकेचे असतील तर त्यांना आता ड्युटीची, म्हणजे आयात कराची, धास्ती आहे. आधी ८०० डॉलरपर्यंतचं पार्सल तिथे ड्युटीशिवाय आत जायचं. २९ ऑगस्ट २०२५ पासून ती माफी सगळ्याच देशांसाठी काढली. भारतीय टपालाने तर २५ ऑगस्टपासून तिकडची बहुतेक पार्सलं घेणंच थांबवलं होतं, ऑक्टोबरात परत सुरू केलं. म्हणजे तुमच्या अडकित्त्याचा हिशोब तिथल्या माणसाच्या डोक्यात असा चालतो: २५ अधिक १८ अधिक ड्युटी. पहिल्या दोन रकमा समोर दिसतात, तिसरी नीट कळत नाही. वॉच करून ठेवतो आणि राहून जातं.

पुढच्या वेळी ड्युटी कोण भरणार ते वर्णनात स्वच्छ लिहा. आणि पार्सलसाठी जवळच्या डाकघर निर्यात केंद्रात जा, पोस्टल बिल ऑफ एक्सपोर्ट, म्हणजे टपालाने निर्यात करण्याचा कागद, तिथे ऑनलाइन भरून होतं. आयईसी, म्हणजे आयात-निर्यातीचा कोड, काढला आहे ना?

---

अडकित्ता_दारव्हा · बुधवार, दुपारी १२:३०

आयईसी आहे. घुंगरमाळीच्या टायमालेच काढला. ड्युटीचं लिहिलं नव्हतं. आता बोली पडली, वर्णन बदलत नाई. खाली पुरवणी जोडता येते ती जोडतो.

---

टिंब_टिंब · बुधवार, रात्री ९:५०

ईबेवरची पहिली विक्री कशाची होती माहीत आहे का कोणाला? १९९५ मध्ये मालकाने, पियरे ओमिड्यारने, स्वतःचा तुटका लेझर पॉइंटर लावला. १४.८३ डॉलरला गेला. त्याने घेणाऱ्याला विचारलं, तुटका आहे हे कळलं ना? तो म्हणाला, मी तुटके लेझर पॉइंटरच जमवतो.

माझा रेडिओ पण बंदच आहे. आशा सोडली नाही.

---

अडकित्ता_दारव्हा · गुरुवार, सकाळी ११:२०

संपला.

सांगतो सगळं. सकाळी दहापासून लाइट नव्हती, मोबाइलवर बसलो होतो पाराखाली, तिथं नेटवर्क बरं येते. पावणेअकराले वॉचर ४६. किंमत २४.९९, तीच एक बोली. अकराले एक मिनिट कमी तरी तेच. म्हणलं गेला पंचवीसले. शेवटचे सात-आठ सेकंद राहिले अन् स्क्रीन हलली. ४१.००. संपलं.

घेणारा कॅनडाचा. पयली बोली लावणारा दुसरा कोणी, त्याची कमाल ४० असावी असं मास्तरांच्या हिशोबानं दिसते. ज्यानं वजन विचारलं होतं तोच जिंकला! ६० वाला तर आलाच नाई. एक बोली बी लावली नाई.

सेहेचाळीस वॉचर अन् बोलणारे दोन.

---

संत्राबाग · गुरुवार, सकाळी ११:३१

अभिनंदन! पण ४९.९९ राहू देलं असतं तर कॅनडावाल्यानं तेवढेच देले असते का नाई?

---

नाणेवाला_अकोला · गुरुवार, सकाळी ११:३८

राहू दिलं असतं तर कदाचित ती पहिली बोली आलीच नसती आणि कॅनडावालाही वॉच लावून गप्प बसला असता.

---

मास्तर_भंडारा · गुरुवार, सकाळी ११:५५

जिंकणाऱ्याने आत किती टाकले होते ते विक्रेत्याला दिसत नाही. ४२ असतील, १४२ असतील. रुमाल उघडायचा नसतो. या वादाला शेवट नाही, जेवायला जा दोघेही.

दारव्हेकर, कॅनडाला पाठवताना पात्याला जाड पुठ्ठा लावा. वर्णनात १९५८ लिहिलंत ते बिलावरही लिहा.

---

अडकित्ता_दारव्हा · गुरुवार, दुपारी १२:४०

हो सर. उद्या पोस्टात जातो. आजीची अजून एक पानदान आहे, ती फिक्समध्ये लावतो म्हणतो, करवतकाठी ताईंसारखी. पंधरा दिवस ऑफर पाठवत नाई कोणालेच.

---

पऱ्हाटी · गुरुवार, दुपारी १:०५

माह्या यादीत अजून दिसून रायला तो मोर. वॉच काढू का राहू देऊ?

---

अडकित्ता_दारव्हा · गुरुवार, दुपारी १:०९

राहू दे. पानदान लावली की त्याच्यावर बी लाव. आकडा बरा दिसते.